रंगवलेला पंप

४ नोव्हेंबर

मामा,

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानं जुळवता. मागच्या वेळी मी "ताप" म्हटलं, तुम्ही "माप" ऐकलंत आणि शिंप्याच्या नावानं ओरडत बसलात. जन्मभर इंजिनांच्या आवाजात काढलात, कानांनी तरी किती साथ द्यावी! म्हणून हे सगळं कागदावर.

परवा आपला ट्रक बसला. हो, तोच जुना, तुम्ही पसंत करून दिलेला. आमचा धुलाईचा सगळा धंदा त्याच्यावर. दवाखान्यांच्या मळक्या चादरी आणायच्या, उकळून धुऊन इस्त्री करून परत पोचवायच्या. एक फेरी चुकली की तिकडे पेशंट उघड्या गादीवर. हे एकटेच गाडी घेऊन निघाले होते. चढावर पुढून कुईंकुईं आवाज यायला लागला, मग काटा लाल रेघेच्या वर, मग वाफ. ह्यांनी लगेच गाडी कडेला घेऊन बंद केली. रेडिएटरचं झाकण उघडायला गेले तेव्हा थोडं भाजलं. काळजीचं काही नाही.

ट्रक ओढून आणून अंगणात उभा केलाय. मी खाली वाकून पाहिलं. वॉटर पंप पडायला आलेल्या दातासारखा हलतोय. त्याच्याखालून तांबूस चिखल गळतो, आणि वास असा की मी नाकाला पदर लावला. मी! दवाखान्यांची गाठोडी रोज सोडणारी. चीड ह्याची येते की टायमिंग बेल्ट आणि पंप दोन्ही गेल्याच वर्षी नवे टाकले होते. म्हणजे, नवे टाकले असं सांगितलं होतं.

इथला मेकॅनिक म्हणतो, इंजिन खाली उतरवावं लागेल, गाडी ठेवून जा, बघू कधी जमतं ते. तोवर मी चादरी डोक्यावरून नेऊ का? सध्या भाड्याचा टेम्पो सांगितलाय, तर तो टेम्पोवाला चादरींकडे बघून असा थुंकतो की जणू आजारी माणसं आम्हीच तयार करतो.

हत्यारं घरात आहेत. सुट्टीत तुमच्या गॅरेजात पाने उचलून द्यायचे, त्यातलं थोडं डोक्यात आहे. तुम्ही सांगाल तसं मी उघडते. जमेल का हो?

तुमची,
बेबी


८ नोव्हेंबर

बेबी,

जमेल. न जमायला काय झालं? इंजिन उतरवायला निघालेल्या त्या महाभागाला लांबूनच हात जोड आणि गाडीच्या आसपास फिरकू देऊ नकोस.

तुझ्या पत्रात दोन गोष्टी पुसट आहेत. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर माणूस "थोडं" भाजत नाही. किती भाजलंय ते नीट लिही. आणि गेल्या वर्षी हे काम केलं कुणी? मी तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात पडलो होतो, नाहीतर गाडी माझ्याच दारात आली असती. जावईबापूंनी नेली असेल रस्त्यावरच्या कुणाकडे तरी. स्वभाव भिडस्त, समोरचा गोड बोलला की संपलं. ज्यानं हे केलं त्याला माझ्यासमोर उभा कर, त्याचा कान धरून त्याच चिखलात नाक घासायला लावतो.

आता कामाचं. पंप आणि बेल्ट ही एकच भानगड समज. पंप त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून एक काढायचा तर दुसरा काढावाच लागतो, आणि काढलाच आहे तर दोन्ही नवे टाकतात. आधी इंजिन थंड असताना पाणी सोड. पंखा काढ, पुढचे लहान पट्टे काढ. मग खालच्या पुलीचा मोठा बोल्ट. तो म्हसोबासारखा बसलेला असतो. गाडी गिअरमध्ये टाक, कुणाला तरी ब्रेकवर पाय देऊन बसव, पान्याला लांब पाईप लाव आणि अंगाचं वजन हळूहळू टाक. हिसडा नको. निघालेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर चित्र काढून जिथल्या तिथे खोच, सगळे सारखे नसतात.

पुढचं झाकण निघालं की बेल्ट दिसेल. तो सोडायच्या आधी तीन खुणा जुळव. एक खाली क्रँकची, एक वर कॅमची, एक बाजूला डिझेल पंपाची. जुळल्या की नखांना लावायच्या रंगानं ठिपके दे. ह्या खुणा चुकल्या तर आत लोखंडावर लोखंड आपटेल, मग देवसुद्धा काही करू शकणार नाही.

आणि एक बघ. पंपाच्या पोटाखाली बारीक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं, म्हणजे माणसाला कळतं की पंप संपला. ते भोक कसं दिसतंय ते मला लिही.

पंप तिकडे विकत घेऊ नकोस, बाजारात नकली माल फार. आपल्या कपाटातला नवा पाठवायला सोन्याला सांगितलंय. पोरगा तयार झालाय गं. गॅरेज त्याच्या हाती दिल्यापासून एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलेलं मी पाहिलं नाही. मी आता वर खिडकीत बसतो आणि त्याच्याकडे बघून बरं वाटून घेतो.

तुझा,
मामा


१३ नोव्हेंबर

मामा,

उघडला. पुलीच्या बोल्टानं घाम काढला. ह्यांचा एक हात कामाचा नाही पण पाय शाबूत आहेत, म्हणून ह्यांना केबिनमध्ये ब्रेकवर बसवलं आणि मी पाईपला लोंबकळले. सुटला तेव्हा असा कडाड आवाज झाला की शेजारीण गॅलरीत आली.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ह्यांचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत भाजलाय, हनुवटी आणि छातीही. एक दिवसाआड पट्टी बदलायची असते. जुनी पट्टी ओली करून सोडवताना तिच्याबरोबर कातडी येते. ते भिंतीकडे बघून जुने हिशेब मोठ्यानं म्हणत बसतात, ओरडू नये म्हणून. तुम्हाला त्रास नको म्हणून आधी लिहिलं नव्हतं. ह्यांच्यावर रागावू नका. दवाखान्यातून चादरींसाठी सारखे फोन येत होते, घाई झाली.

आता पंपाचं. झाकणामागे सगळीकडे तो तांबूस चिखल वाळून बसला होता, खरवडला तर पापुद्रे निघाले. आणि त्या घाणीत पंप मात्र चकचकीत चंदेरी! मला आधी वाटलं, निदान पंप तरी नवा आहे. मग ते भोक शोधलं. भोकच नव्हतं. कापडानं पुसलं तर कापड चंदेरी झालं. रंगाखाली करडी लांबी निघाली, सुतार फटीत भरतात तसली. म्हणजे सील गेलेला जुना पंप घेतला, पाणी बाहेर येऊन बोंब होऊ नये म्हणून त्याचं भोक बुजवलं आणि वरून रंग मारला. पाण्याला बाहेर वाट नाही म्हटल्यावर ते आतच बेअरिंगमध्ये गेलं आणि बेअरिंग कुजलं. बेल्टही जुनाच. धुऊन पुसून बसवलाय, वाकवला की दातांच्या मुळाशी चिरा दिसतात.

मामा, मी कुठल्या कुठल्या चादरी हातानं उलगडलेल्या आहेत हे तुम्हाला माहीत आहे. जेवताना आठवलं तरी घास अडत नाही. पण ही चंदेरी फडकी हातात घेऊन मी अंगणातल्या नळाशी जाऊन उलटी करून आले. कुणीतरी शांतपणे बसून, ब्रशनं, कडेकडेनं रंग काढलाय हो. मन लावून.

काम कुणी केलं ते विचारू नका. होता एक. आता त्याचं नाव घेऊन काय करायचं? आणि पंप तुमच्याकडून नको. खरंच नको. मी इथेच बघते.

बेबी


१७ नोव्हेंबर

प्रिय बेबीताई,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. लिहिण्याची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे.

तुझं पत्र बाबांच्या नावावर आलं होतं. पोस्टमन गॅरेजातच टाकतो. बाबांना हल्ली लगेच टेन्शन येतं म्हणून मीच उघडलं. त्यात तू माझं नाव घेतलं नाहीस हे वाचून खरं सांगतो डोळे भरून आले. आपलं माणूस ते आपलंच. पत्र बाबांना दिलेलं नाही. पोस्टात गहाळ झालं समज.

आता गैरसमज नको. गेल्या वर्षी बाबा दवाखान्यात, मी एकटा, दारात गाड्यांची रांग. त्या दिवशी नवा पंप हाताशी नव्हता. तुमची तर घाई. जो होता तो साफ करून टाकला, तुमची अडचण भागावी म्हणूनच ना? लाईनमध्ये सगळेच करतात, ह्याला रिकंडिशन म्हणतात. वर्षभर चालला की नाही? दुसऱ्याचा सहा महिनेसुद्धा टिकत नाही.

दाजींचं ऐकून वाईट वाटलं. पण ताई, नीट विचार कर. झाकण गरम असताना उघडायचं नसतं हे लहान पोरालाही कळतं. त्यात पंपाचा काय दोष? हे मी प्रेमानं सांगतोय, दाजींना बोललो म्हणू नकोस.

सोबत पंप पाठवतोय. एकदम नवा, बाबांनी कपाटातून काढायला सांगितला तोच. बसवून टाक आणि विषय संपव. बाबांना पत्र लिहिशील तेव्हा फक्त "पंप मिळाला, छान आहे" एवढंच लिही. त्यांचा जीव माझ्यात आहे. त्यांना काही झालं तर त्याची जबाबदारी तुझ्यावर राहील, एवढंच.

तुझा लाडका भाऊ,
सोन्या


२० नोव्हेंबर

मामा,

हे पत्र समोरच्या शिंपीकाकांच्या पत्त्यावर टाकतेय. लहानपणी ते माझे फ्रॉक शिवायचे, हे पत्र तुमच्या हातातच देतील. ते तिकडे का टाकलं ते पुढे वाचलंत की कळेल. आधी खुर्चीवर बसा.

काम सोन्यानं केलं होतं.

तुम्ही दवाखान्यात असताना आम्ही गाडी तुमच्याच दारात आणली होती. तो म्हणाला, बाबांना सांगू नका, घरच्यांच्या कामाचे पैसे घेतले म्हणून ते चिडतील. आम्हाला ते पटलं. मी तुमच्यापासून नाव लपवलं कारण तुम्ही खिडकीत बसून त्याच्याकडे बघता, ते मला मोडायचं नव्हतं. अजूनही मोडलं नसतं. गिळून टाकलं असतं.

पण त्यानं माझं मागचं पत्र उघडून वाचलं आणि तुम्हाला दिलंच नाही. त्यात ह्यांच्या हाताचं सगळं लिहिलं होतं, आणि जुन्या पंपाचं भोक लांबीनं बुजवून वरून चंदेरी रंग मारला होता तेही. पट्टीबरोबर कातडी येते हे वाचून हा माणूस मला लिहितो, झाकण उघडायचं नसतं हे लहान पोरालाही कळतं. त्याचं पत्र सोबत जोडलंय, तुम्हीच वाचा. मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हात धुतले.

तरीही गप्प बसले असते मामा. पण त्यानं पाठवलेला "एकदम नवा" पंप मी खोक्यातून काढला. रंग नव्हता. भोकही उघडं होतं. वाटलं, चला, लाज वाटली बिचाऱ्याला. मग दांडा बोटांनी फिरवला तर आत वाळू असल्यासारखी खरखर. दिव्याखाली धरला. कास्टिंगवर नंबर उठवलेले असतात ना, त्यांच्या खाचांत चंदेरी रंग तसाच होता. भोकाच्या कडेला करड्या लांबीचा कण होता.

म्हणजे माझं पत्र वाचून त्याला कळलं की मी रंग आणि भोक बघते. तर त्यानं काय केलं? तारेचा ब्रश घेऊन एका पंपाचा रंग घासून काढला, सुईनं भोक कोरलं आणि तोच पाठवला. एवढी मेहनत घेण्यापेक्षा नवा पाठवणं सोपं नव्हतं का? त्याला ते सुचलंच नाही. हे आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो. ह्यांनी तो पंप पाहिला आणि एवढंच म्हणाले, "हा बसवला असता तर पुढच्या वेळी गाडीत तू असतीस."

मला माफ करा. तुमच्या तब्येतीला जपा.

बेबी


२५ नोव्हेंबर

बेबी,

माफी कसली मागतेस? तू मागायची की आम्ही?

शिंप्याच्या दुकानात बसून वाचलं. दोन्ही पत्रं. शिंप्यानं पाणी दिलं, ते हातातच राहिलं. समोर काचेतून माझं गॅरेज दिसत होतं. सोन्या एका गाडीखाली आडवा, शीळ घालत होता. म्हणजे ओठ तसे दिसत होते.

उठलो आणि रस्ता ओलांडला. बाजूला शाळेची बस उभी होती, तिचं काम अजून सुरू व्हायचं होतं. तिचा ड्रायव्हर स्टुलावर बसून चहा पीत होता. बाकड्यावर पंपाचं खोकं, नवंकोरं. मी ते उघडलं आणि पंपाच्या पोटावर नख ओढलं. नख चंदेरी झालं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

सोन्या गाडीखालून सरकत बाहेर आला. "बाबा, तुम्ही वर जा. नंतर बोलू."

"हे काय आहे?"

"बाबा, आवाज कमी करा, गिऱ्हाईक आहे."

"मला ऐकू येत नाही," मी म्हटलं, "मी मोठ्यानंच बोलतो."

मग मागच्या खोलीत गेलो. वर राहायला गेल्यापासून तिथे पाऊल टाकलं नव्हतं. बेबी, तुझ्याकडे चादरी वाळतात ना, तसे तारेवर पंप वाळत होते. ओळीनं. खाली रॉकेलची बादली, त्यात आणखी बुडालेले. लांबीचा डबा, रंगाचा डबा, आणि ब्रश स्वच्छ धुऊन उभा ठेवलेला. माझ्या हत्यारांना मी कधी एवढं जपलं नाही. रॉकेलचा वास मला आयुष्यभर आवडत आला. त्या खोलीत मात्र नाकाला रुमाल लावावा लागला.

सोन्या मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "जुन्या गाड्यांना नवा पंप म्हणजे म्हाताऱ्याला नवे दात. कशाला पाहिजे?" आणि हसला. मी हसावं म्हणून हसला गं. ते हसू बघून जी शिसारी आली ती पंप बघूनही आली नव्हती.

मी म्हटलं, "बेबीच्या नवऱ्याचा हात सोलून निघालाय."

तर म्हणतो, "तिनं नाव सांगितलं ना शेवटी? बायकांच्या पोटात काही राहतच नाही."

बसवाल्याला मी पंप हातात दिला आणि सगळं सांगितलं. तो आधी समजलाच नाही. मग त्यानं विचारलं, "माझ्या गाडीत पोरं बसतात हे ह्याला माहीत होतं?" मी म्हटलं, होतं. तो सोन्याकडे बघत राहिला. मारेल असं वाटलं होतं. त्यानं हातातला चहा तसाच खाली ठेवला, अंगाला हात लागू नये असा सोन्याला वळसा घातला आणि बस घेऊन निघून गेला.

आता मी खिडकीत बसत नाही. खाली दारात खुर्ची टाकलीय. येईल त्याला सांगतो. आणि ज्यांना हे पंप बसवलेत त्या सगळ्यांना बोलावणं धाडायचं ठरवलंय. कुणाकुणाला ते सोन्याला पाठ आहे. आधी नाही म्हणाला. मी म्हटलं, तू सांगितलं नाहीस तर चौकात उभा राहून माझ्याच नावानं ओरडेन. तेव्हा बोलला.

तुझ्यासाठी पंप, बेल्ट, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि पंपाच्या सांध्यात बसवायचं गास्केट बाजारात स्वतः जाऊन घेतलंय. प्रत्येक खोकं दुकानात उघडून दांडे फिरवून बघितले, दुकानदार वैतागला. पार्सल शिंप्याच्या दुकानातून टाकलंय. जुनं गास्केट पूर्ण खरवड, पण खाली कण पडू देऊ नकोस. बेल्ट चढवला, टेन्शनर आवळला की चावी लावायची घाई नको. पान्यानं क्रँक हातानं पूर्ण दोनदा फिरव आणि खुणा परत बघ. कुठे अडलं तर जोर लावू नकोस.

जावईबापूंना काय सांगू? काही सुचत नाही.

मामा


२ डिसेंबर

मामा,

गाडी सुरू झाली.

पार्सल आलं त्या दिवशी सुट्टी घेतली. हे अंगणात खुर्ची टाकून तुमची पत्रं मोठ्यानं वाचत होते आणि मी करत होते. "जुनं गास्केट पूर्ण खरवड," असं ते मास्तरांसारखं म्हणायचे आणि मी खरवडायचे. मध्येच म्हणाले, "इथं लिहिलंय, बायकोनं नवऱ्याला चहा द्यावा." मी पत्र हिसकावून बघितलं, तर तसं कुठेच नव्हतं. भाजल्यापासून पहिल्यांदा हसले.

पंप नीट बसला. बेल्ट मात्र हट्टाला पेटला. खालून चढवला की वरची खूण एका दातानं सरकायची. तीनदा काढला. शेवटी हे म्हणाले, कॅमची पुली पान्यानं जरा धरून ठेव आणि पट्टा त्या बाजूनं ताणत आण. तसं केलं आणि बसला. क्रँक दोनदा हातानं फिरवली, जीव मुठीत धरून. तिन्ही ठिपके जिथल्या तिथे आले. पाणी भरलं, हवा काढली, मग चावी ह्यांच्याच हातात दिली, डाव्या. इंजिन लागलं, आणि इतकं गुळगुळीत चाललं की आम्ही दोघं ऐकतच राहिलो.

आनंद व्हायला हवा होता. झाला, पण पुरता नाही. संध्याकाळी मीच फेरी करून आले, चादरी पोचवल्या. प्रत्येक चढाला कान पुढे. एवढा चांगला आवाज येतोय तरी माझा विश्वासच बसत नाही. काही दिसलं की नख ओढून बघावंसं वाटतं. परवा भाजीवालीकडचं चकचकीत वांगं नखानं खरवडून बघितलं. ती म्हणाली, "बाई, बरं आहे ना?" ही घाण त्यानं माझ्या डोक्यात घातलीय, ती कुठल्या बादलीत बुडवून काढू?

ह्यांच्या हाताला डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. दोन बोटं पूर्ण मिटणार नाहीत कदाचित.

तुमच्या तब्येतीचं तुम्ही एका शब्दानं लिहीत नाही.

बेबी


८ डिसेंबर

बेबी,

माझी तब्येत ठणठणीत आहे. राग आला की मला भूक लागते.

गाड्या येतायत. सोन्या स्वतःच्या हातानं उघडतो, मी बाजूला बसतो, नवा पंप खोक्यातून मालकासमोर काढायचा असा नियम केलाय. काही जण शिव्या देतात, काही नुसता नवा पंप घेऊन तो बसवायला दुसरीकडे गेले. एक म्हातारा ड्रायव्हर, माझ्या वयाचा, सोन्याला काहीच बोलला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "मी तुझ्या नावावर आलो होतो रे." तेवढं एक वाक्य चार दिवस सलतंय.

सोन्या काम करतो, पण तोंड असं, की त्याच्यावरच अन्याय झालाय. काल मला विचारतो, "झालं ना आता? संपलं ना?" मी म्हटलं, संपलं नाही. तू बेबीकडे जायचंस.

येत्या रविवारी पाठवतोय. पट्टी बदलायच्या वेळेला पोचेल असं बघतो. माफी मागायला पाठवत नाही, ती त्याला सुरेख येते, ऐकून घेऊ नकोस. पाण्याचं भांडं त्याच्या हातात दे आणि शेवटपर्यंत उभं राहायला सांग. एवढंच कर माझ्यासाठी. तुला जड जाईल, माहीत आहे.

मामा


१४ डिसेंबर

मामा,

सोन्या येऊन गेला.

मोठी पिशवी भरून फळं घेऊन आला होता. दारातच वाकला, डोळ्यांत पाणी आणलं, "ताई, मी कुठल्या तोंडानं..." अशी सुरुवात केली. मी म्हटलं, "चपला काढ. हात धू. पट्टी बदलायची आहे."

हे कॉटवर बसले होते. मी भांडं सोन्याच्या हातात दिलं. पहिले वेढे कोरडे होते तोवर तो ठीक होता, प्रवासाचं काहीबाही सांगत होता. मग ओले वेढे आले. तुम्हाला सगळं लिहीत नाही. वास येतो, आणि पट्टी सोडताना एक बारीक आवाज होतो. हे नेहमीप्रमाणे भिंतीकडे बघून हिशेब म्हणायला लागले. सोन्यानं विचारलं, "दाजी काय म्हणतायत?" मी म्हटलं, "ओरडू नये म्हणून म्हणतायत." त्यानं मान फिरवली.

तेव्हा हे थांबले आणि म्हणाले, "इकडे बघ ना सोन्या. तू कारागीर माणूस. ह्याच्यावर लांबी भरून थोडा रंग मारला तर चालेल का रे?"

आवाज चढवला नाही. तुम्ही ओळखता ह्यांना, आयुष्यात कुणाला टोचून बोललेले नाहीत. मीच दचकले.

सोन्या पांढराफटक पडला. भांडं खाली ठेवून अंगणात पळाला, तो नळापर्यंतही पोचला नाही. मी ह्यांची पट्टी पुरी केली, मग बाहेर गेले. तो पायरीवर बसून टॉवेलनं तोंड पुसत होता. ह्या वेळी डोळ्यांतलं पाणी खरं होतं की काय, मला ओळखता आलं नाही. ते ओळखायची माझी नजर त्यानंच घालवलीय.

"ताई," तो म्हणाला, "मला वाटलं नव्हतं इतकं असेल."

"पत्रात लिहिलं होतं. तू वाचलं होतंस."

त्यानं टॉवेल पायरीवर ठेवला. मग विचारलं, "गाडीचा आवाज ऐकू का? बेल्ट नीट ताणलाय का बघतो."

"गाडीला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

मान डोलावली आणि उठला. अंगणात जे ओकला होता ते त्यानं स्वतः बादली आणून धुतलं, न सांगता. हे तुम्हाला लिहिलंच पाहिजे. दारात थांबून ह्यांना म्हणाला, "दाजी, उरलेल्या गाड्या मी पुऱ्या करतो." ह्यांनी डावा हात जरा वर केला. मी नाही केला. तो गेला.

तो सुधारेल का, मला माहीत नाही. कदाचित सुधारेल. तुम्ही बाप आहात, तुम्ही आशा ठेवा. मला ते जमत नाही, आणि जमत नाही ह्याचं वाईटही वाटत नाही.

पायरीवर त्यानं तोंड पुसलेला टॉवेल राहिला होता. आमचाच, कपाटातला, चांगला जाड. मामा, रक्ताचं असो, पुवाचं असो, कशाचंही असो, आजवर एक कापड मी टाकून दिलेलं नाही. उकळलं की सगळं निघतं. हा टॉवेल मी चिमट्यानं उचलला आणि भट्टीत घातला. जळेपर्यंत उभी राहिले. मग हात धुतले आणि गाडी काढली. तिकडे चादरींची वाट बघत होते.

तुमची,
बेबी